पायाखालची ओल

ब्रेक गेला तेव्हा गाडीत मी सोडून चार माणसं होती आणि त्यांतलं एक मडक्यात होतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. डिसेंबरातली सकाळ, दाट धुकं. बनारसच्या कॅन्ट स्टेशनवरून मी यजमानांना घेऊन मैदागिनकडे निघाले होते. विदर्भातून आलेले दोन भाऊ, थोरल्याची बायको, आणि तिच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं सासूच्या अस्थींचं मडकं. लहुराबीरचा चौक मागे पडला आणि एक सायकलरिक्षा समोर आडवी आली. मी ब्रेकवर पाय ठेवला. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा माझा पाय खालपर्यंत गेला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मग गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि कुणीतरी घर बांधायला टाकलेल्या वाळूच्या ढिगात गाडीचं नाक खुपसलं. रिक्षावाल्यानं दोन शिव्या घातल्या, बनारसच्या मानानं सौम्यच. थोरले भाऊ म्हणाले, "ताई, जरा सांभाळून चालवत जा." जणू मी हौसेनं वाळूत शिरले होते.

कुणालाही खरचटलं नव्हतं. मी तिघांना दोन रिक्षांत बसवलं, माझ्या काकाकडे कसं जायचं ते रिक्षावाल्यांना समजावलं, आणि माझ्या मनात एवढंच आलं की आज शाळेतला पहिला तास बुडणार. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. पहिला तास सातवीचा होता, अपूर्णांकांचा. खरं म्हणजे माझे पाय लटपटायला हवे होते. लटपटले नाहीत. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत मला कशाचंच काही वाटलं नव्हतं. तेराव्यालासुद्धा मी पंगतीत मीठ वाढत फिरत होते, आणि मीठ कुणाच्या पानात राहिलं हे मला आजही सांगता येईल.

आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळ. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची तीर्थकृत्यं करणं ही आमच्या घरातली पिढ्यांची वृत्ती. बाबा आणि काका दोघे मिळून ती चालवत. काका घाटावरची कृत्यं बघायचा, बाबा यजमानांना स्टेशनवरून आणायचे, त्यांची राहायची व्यवस्था करायचे, आणि ज्यांना अस्थी विसर्जन करायच्या असत त्यांच्याजवळ बसून त्यांचं ऐकून घ्यायचे. या शेवटच्या कामाला काकाकडे सबुरी नव्हती, अजूनही नाही.

गाडी बाबांनी विद्यापीठातून निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका प्राध्यापकांकडून घेतली. तेव्हाच ती वीस वर्षांची होती. आमच्या गल्लीत दोन गाई समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं, तिथं मोटार कुठली शिरणार? म्हणून ती मैदागिनजवळ एका ओळखीच्या छापखान्याच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली उभी असायची. बाबा ती इतकी हळू चालवत की एकदा एका यजमानानं त्यांना विचारलं, गुरुजी, मी उतरून पुढं चालत जाऊ का, तुम्ही या मागनं. मला गाडी त्यांनीच शिकवली. आई म्हणाली होती, पोरीला मोटार शिकवून काय करायचंय? बाबा म्हणाले, "मी थकल्यावर कोण आणणार लोकांना? तुझा दीर? तो तर सायकलवरनं पडतो."

ते थकले नाहीत. एप्रिलमध्ये एक दिवस यजमानांची रेल्वे पाच तास उशिरानं येत होती म्हणून स्टेशनबाहेर वाट पाहत बसले होते. ड्रायव्हरच्या सीटवर, उकडतंय म्हणून दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर टाकून. एका हमालाला वाटलं पंडितजींना झोप लागली. दुपारी केव्हातरी त्यानं हलवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले हृदय, आणि फार वेळ लागला नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगतात.

काकानं तेव्हापासून एकच वाक्य धरून ठेवलं होतं: "काशीत गेला, अजून काय पाहिजे." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हे सांगायचा. आई ऐकून घ्यायची आणि आत जायची. बाबांच्या तोंडात गंगाजल पडलं नव्हतं. घरात देवाजवळ भरलेला तांब्या होता, गंगा घरापासून चार मिनिटांवर होती, कित्येक परक्या माणसांच्या तोंडात बाबांनी स्वतःच्या हातानं पळीनं पाणी घातलं होतं, आणि त्यांच्याजवळ थर्मासमध्ये काय होतं, तर स्टेशनच्या नळाचं पाणी. आई याबद्दल कधी बोलली नाही. मीही विषय काढला नाही. आम्ही दोघी त्या घरात भांडी न वाजवता राहत होतो.

काकाला यजमान सोडवेनात आणि गाडी चालवता येईना, म्हणून महिन्याभरात मीच स्टेशनवर जायला लागले. शाळेच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी. बाईमाणूस गाडी घेऊन आलेली पाहून यजमान आधी मागच्या बाजूला कुणी गुरुजी दिसतात का ते बघायचे. मग मराठी ऐकली की बसायचे.

तर ब्रेक गेला त्या दिवशी गाडी माणसं लावून ढकलत छापखान्याच्या आवारात आणली आणि दुपारी मिस्त्री तिथं आला. म्हातारा माणूस, बाबांच्या वेळेपासूनचा, एकटाच काम करायचा. आधी बोनेट उघडेल असं मला वाटलं होतं. पण त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि पायाखालची रबरी चटई उचलली. त्या जुन्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाची टाकी ड्रायव्हरच्या पायांखालीच असते, तळातल्या एका गोल झाकणाखाली. तिथूनच एक बारीक लोखंडी नळी निघते आणि गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत जाते. पायानं दाबलेला जोर त्या नळीतल्या तेलातून चाकांपर्यंत पोचतो. नळीला टाचणीएवढं भोक पडलं की तेल तिथूनच निघून जातं, आणि या गाडीत चारही चाकांचं तेल एकच, म्हणून चारही ब्रेक एकदम जातात. हे मला त्या दिवशी कळलं. सात महिने मी गाडी चालवत होते आणि माझ्या पायाखाली काय आहे याची मला गंधवार्ता नव्हती.

चटईखाली गोणपाट होतं आणि ते चिंब भिजलेलं होतं. मिस्त्रीनं ते दोन बोटांनी उचललं आणि माझ्याकडे बघितलं.

"बहिनजी, इस गाड़ी में कोई नहाता है क्या?"

मला हसू यायला हवं होतं. मी म्हटलं, पाऊस तर सप्टेंबरातच संपला. त्यानं काचेचं रबर तपासलं, दाराच्या कडा तपासल्या, शेडचा पत्रा तपासला. सगळं कोरडं. मग तो खाली घुसला आणि स्क्रूड्रायव्हरनं नळी खरवडायला लागला. खपल्या त्याच्या तोंडावर पडत होत्या. जिथं नळी तळाला पत्र्याच्या चापानं धरून ठेवली होती, त्या चापाखालीच ती सगळ्यात जास्त खाल्ली गेली होती. त्यानं तो तुकडा कापून माझ्या हातात दिला. वरून काळा रंग शाबूत दिसत होता. मी अंगठ्यानं दाबला तर तो कुरमुऱ्यासारखा चुरला.

"पुराना पाइप था, जाना तो था ही," तो म्हणाला. "मगर इतनी जल्दी नहीं. पानी तो आके चला जाता है, उससे लोहे को कुछ नहीं होता. सीलन बैठ जाती है. वही खाती है." सीलन म्हणजे ओल.

आमच्या घरी एक रीत होती. अस्थी घेऊन आलेले यजमान गाडीतून उतरले की आई मागच्या सीटवर दर्भानं गोमूत्र शिंपडायची. पळीभर, जास्त नाही. मला आधी त्याचाच संशय आला. पण मागची बाजू ठणठणीत होती. ओल होती ती पुढे, फक्त ड्रायव्हरच्या पायाशी. मी डोकं फार चालवलं नाही. त्या दिवसांत मी कशातच डोकं चालवत नव्हते.

मिस्त्री मलदहियाच्या बाजारातून नवी नळी घेऊन आला. जुन्या नळीची वळणं त्यानं आधी जाड तारेवर उतरवून घेतली, मग त्या तारेबरहुकूम नवी नळी हातानं वाकवली. मी विचारलं, तांब्याची का नाही लावत, तांबं गंजत नाही. तो म्हणाला, साधं तांबं हादऱ्यांनी कडक होतं आणि एक दिवस तडकतं, आणि तेव्हा आधी सांगतही नाही. लोखंड निदान दिसतं तरी. नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवायच्या आधी त्यावर नट चढवावा लागतो; तो विसरला, सबंध टोक फुलवून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं स्वतःला अशी शिवी दिली की छापखान्यातले दोघे बाहेर येऊन बघून गेले. टोक कापून पुन्हा केलं. चापांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, नळीला रंग लावला, वरून ग्रीस फासलं. मग मला सीटवर बसवून नळीत शिरलेली हवा काढली. मी पेडल दाबून धरायचं, त्यानं चाकाजवळचा बारीक नट सैल करायचा, हवेचे बुडबुडे तेलासकट बाहेर येऊ द्यायचे, नट आवळायचा, मग मी पाय सोडायचा. "दबाइए. पकड़िए. छोड़िए." चारही चाकांना. जाताना सांगून गेला की दर आठवड्याला चटई उचलून बघा, नळी कोरड्या फडक्यानं पुसा, ओल दिसली तर ती येते कुठून ते आधी शोधा, नळीला हात नंतर लावा.

घरी मी आईला एवढंच सांगितलं की गाडी बिघडली होती. ब्रेकचं बोलले नाही. यजमान काकाकडे पोचले तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं असणार, पण काकानं ते आईपर्यंत नेलं नाही. त्याच्या दृष्टीनं मडकं वेळेवर पोचलं होतं.

पुढच्या रविवारी मी चटई उचलली. गोणपाट ओलं. मी ते काढून टाकलं आणि दुसरं, कोरडं घातलं. त्याच्या पुढच्या रविवारी तेही ओलं. आता मला राग आला. किती महिन्यांनी आला होता कोण जाणे, आणि आला तो एका गोणपाटाचा. छापखान्याच्या चौकीदाराला मी नाही नाही ते बोलले. गाडी धुतोस का, बादली ठेवतोस का, कुणाला झोपू देतोस का आत. तो बिचारा म्हणाला, "हम तो छूते भी नहीं, दीदी." आणि असं काही म्हणाला की माताजी येतात तेव्हा मी दारही उघडून देत नाही, त्या स्वतःच उघडतात. मी ते ऐकलं आणि पुढं बोलत राहिले. ऐकलेलं आत पोचायला तेव्हा मला वेळ लागत असे.

जानेवारीत थंडीची लाट आली आणि कलेक्टरच्या हुकमानं शाळा बंद झाल्या. सकाळी आठच्या सुमाराला मी नळी पुसायला म्हणून फडकं घेऊन आवारात गेले. शेडमध्ये गाडीचं पुढचं दार उघडं होतं. आई उभी होती. पंचगंगा घाटावरून आंघोळ करून आलेली, ओलं लुगडं पिळून खांद्यावर टाकलेलं, हातात तांब्या. मला वाटायचं की ती घाटावरून मंगला गौरीला जाते, म्हणून तिला परतायला उशीर होतो. गाडीची दुसरी किल्ली देवाजवळच्या खिळ्याला टांगलेली असायची, आणि ती तिथं आहे की नाही हे मी कधी बघितलं नव्हतं.

तिनं वाकून सीटवरून हात फिरवला. मग पळीनं, एकेक पळी, बाबांचे पाय जिथं असायचे तिथं पाणी सोडायला लागली. घाई नव्हती. मधे थांबून ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "घ्या." जेवताना वाढायची तेव्हा म्हणायची, तसंच. पळी भरायची आणि म्हणायची, घ्या. शेवटी तांब्यातलं उरलेलं सगळं तिनं ओतलं, दार लावलं, ढकलून नीट लागलंय का पाहिलं.

मी शेडच्या खांबाआड उभी राहिले. ती माझ्या समोरून गेली आणि तिला मी दिसले नाही. मी घरी आले तेव्हा ती वाटाणे सोलत बसली होती. म्हणाली, "ठंडीत कुठं गेली होतीस? सर्दी होईल." मी तिच्याशेजारी बसून वाटाणे सोलले.

यानंतरचे पंधरा दिवस मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी किल्ली उचलून माझ्या पर्समध्ये ठेवली. आईनं विचारलं नाही. दोन दिवस ती घाटावरून आली की रिकाम्या खिळ्यासमोर बसून राहायची, भरलेला तांब्या मांडीवर धरून. तिसऱ्या दिवशी मी किल्ली परत टांगली. मग मिस्त्रीला विचारलं, तळाला भोक पाडून पाणी खाली जाऊ देता येईल का. तो म्हणाला, "बहिनजी, पानी रोकिए. छेद करने से ब्रेक बचता है?" आणि त्यानं दाखवलं की तेलाच्या टाकीचं झाकणही आता गंजायला लागलंय, त्यातून पाणी तेलात उतरेल आणि मग नवी नळीसुद्धा आतून सडेल. काकाकडे गेले. काका म्हणाला, "गाडी विकून टाक, झंझट संपेल. वहिनी समजदार आहेत, त्यांना काय सांगायचं." मग मी रोज संध्याकाळी शाळेतून येताना आवारात जायचे, गोणपाट काढायचे, गटारावर पिळायचे, नळी पुसायचे, ग्रीस लावायचे, कोरडं गोणपाट घालायचे. सकाळी ती ओतायची, संध्याकाळी मी पिळायचे. गंगेचं पाणी गटारात जात होतं आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. असं वर्षानुवर्षं चालू शकलं असतं. दोघींनाही एक काम मिळालं होतं.

पण गाडीत माणसं बसत होती. म्हातारी माणसं, घरातलं कुणीतरी गेलेली माणसं. फेब्रुवारीत एका शनिवारी पेडल पुन्हा मऊ लागायला लागलं, दोनदा दाबल्याशिवाय ब्रेक धरेना. झाकण काढून पाहिलं तर तेल गढूळ झालं होतं. सोमवारी पहाटे यजमान यायचे होते आणि मिस्त्री गावी गेला होता. मी नवं तेल आणलं, झाकण आणलं, हवा काढायची पद्धत मला येत होती. फक्त पेडल दाबायला दुसरं माणूस हवं होतं.

रविवारी दुपारी मी आईला म्हटलं, "चल माझ्याबरोबर. गाडीत बसून पाय दाबायचाय."

"मी?"

"मग कोण? काका?"

ती आली. दाराशी आली तेव्हा तिनं चपला काढल्या आणि अनवाणी आत बसली. ड्रायव्हरच्या सीटवर ती जन्मात कधी बसली नव्हती. मी तिचा पाय पेडलवर ठेवून दिला, काय करायचं ते सांगितलं आणि पाना घेऊन गाडीखाली गेले. तिथून मला तिच्या चपला दिसत होत्या, बाकी काही नाही.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. हं. सोड."

मागची दोन्ही चाकं झाली. पुढचं डावं झालं. उजव्या चाकाशी आले तेव्हा तिचे पाय माझ्या तोंडापासून वीतभर वर होते, मधे फक्त पत्रा. मी म्हटलं, दाब. तिनं दाबलं. मी नट सैल केला, तेल आलं, आवळला. आणि सोड म्हणायच्या ऐवजी मी म्हणाले, "आई, मागं एकदा ब्रेक गेला होता. नळी सडली होती. तू इथं पाणी ओततेस त्यानं."

मी नट पुन्हा एकदा आवळला.

"मी बघितलं तुला. शाळा बंद होत्या तेव्हा."

माझ्या कपाळावर कसला तरी थेंब पडला, तेलाचा असावा.

"गाडीत कोण होतं तेव्हा?" तिनं विचारलं.

"यजमान. तिघं. आणि अस्थी."

"आणि तू."

"आणि मी."

"मला कुणी बोललं नाही."

"तू परेशान झाली असतीस."

"झाले असते," आई म्हणाली. मग ती म्हणाली, "इतक्या लोकांच्या तोंडात त्यांनी घातलं. त्यांच्याच नाही गेलं. नळ होता तिथं, कुणीतरी नळाचं तरी घालायचं. मला रोज तेच दिसतं. दार उघडं आहे आणि कुणी येत नाहीय."

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. आला तो संताप, असा की पाना धरलेला हात दुखायला लागला. सगळ्या घरानं बाबांना धरून ठेवलं होतं, त्या सीटवर, एक पाय बाहेर टाकून, आणि रोज पहाटे त्याच सीटवर बसून धुक्यातून कोण जातं हे कुणाला दिसत नव्हतं. मलासुद्धा दिसलं नव्हतं.

"बाबा गेले आई," मी खालून म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "आता त्या सीटवर मी बसते. तू ज्याच्यावर पाणी ओततेस ना, ते माझे पाय असतात."

छापखान्याचं यंत्र रविवार असल्यामुळे बंद होतं. मी गाडीखाली पडून राहिले आणि मला जाणवलं की ती अजून पेडल दाबून धरून बसली आहे. मी सोड म्हटलेलं नव्हतं. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी.

"सोडू का?" तिनं विचारलं.

"सोड."

मी बाहेर आले तेव्हा तिनं चपला घातल्या होत्या. माझ्या कपाळावरचं तेल पदरानं पुसलं आणि म्हणाली, "घरी जाऊन साबण लाव." वाटेत आम्ही भाजी घेतली.

सोमवारच्या यजमानांची तार आली की ते गुरुवारी येतायत. म्हणून चार दिवस मिळाले. रोज संध्याकाळी मी गोणपाट चाचपून पाहिलं. कोरडं. आई घाटावरून सरळ घरी यायची, तांब्या देवाजवळ ठेवायची आणि स्वयंपाकाला लागायची. जेवताना भात कमी घ्यायची. मला वाटलं मी तिच्या हातून काहीतरी काढून घेतलं आणि बदल्यात काही दिलं नाही. तसं तिला सांगावंसंही वाटलं, पण शब्द जुळले नाहीत, आणि शाळेत वार्षिकचे पेपर काढायचे होते.

गुरुवारी सकाळी मी निघाले तर आई शाल पांघरून माझ्याबरोबर गल्लीतून चालायला लागली. का येतेस म्हणून विचारलं तर नुसतं "चल" म्हणाली. आवारात मी चटई उचलली, नळीवरून फडकं फिरवलं, झाकण तपासलं. ती बघत उभी राहिली. मी सीटवर बसले तेव्हा तिनं शालीतून एक बाटली काढली. खोकल्याच्या औषधाची, लेबल खरवडून काढलेली, घट्ट फिरकीच्या झाकणाची. आत गळ्यापर्यंत पाणी.

"हे बरोबर ठेव."

कसलं पाणी ते मला विचारायची गरज नव्हती. तरी मी विचारलं, "कशाला?"

"तू एकटी जातेस," आई म्हणाली.

मी बाटली घेतली आणि समोरचा कप्पा उघडला.

"तिथं नको," ती म्हणाली. "हाताला लागेल अशी ठेव. झाकण ढिलं आहे का बघ. एका हातानं उघडायला पाहिजे."

मी एका हातानं उघडून पाहिलं. उघडलं. परत लावलं आणि बाटली स्वेटरच्या खिशात ठेवली. तिनं माझं दार बाहेरून लावलं आणि ढकलून पाहिलं. मी गाडी सुरू केली, फाटकातून बाहेर काढली, आणि लहुराबीर येईपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही, कारण माझे दोन्ही पाय थरथरत होते.